चाळीस नॅनोसेकंदांचं टेंगूळ

शिक्केवाल्यांचा शिक्का मॅडमनी ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला किल्ली लावली, तेव्हा शुक्रवारचे साडेचार वाजले होते. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण चहाची घंटा त्याच क्षणी झाली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच शिक्केवाले चहाला गेले नाहीत.

आता शिक्का म्हणाल तर काय, रबराचा. गोल, लाकडी मुठीचा, वर 'तपासले' आणि खाली 'क्र. ३'. एक आणि दोन नंबरचे शिक्के कुठे गेले हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. काहींच्या मते ते कधी नव्हतेच. पहिल्या मालकांनी आब राखण्यासाठी तीनपासून सुरुवात केली होती. पण तीन नंबरचा शिक्का ज्यावर बसला तो माल डोळे मिटून पुढे जायचा. शिक्केवाल्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, तिथेच ते सुखाने राहत होतं.

कारखान्यात रक्तातल्या पेशी मोजणारी यंत्रं बनायची. पेशी एकेक करून उजेडासमोरून जाते, उजेड झळकतो, आणि शर्टाच्या गुंडीएवढा एक काचेचा डोळा ती झळक पकडून व्होल्टेज देतो. या डोळ्याला म्हणायचं डिटेक्टर. बाहेरून येणारा प्रत्येक डिटेक्टर शिक्केवाले टेबलावर तपासत. पापणी लवेल तेवढ्यात हजारो वेळा लुकलुकणारा एक लाल दिवा होता, त्याच्या शेजारी डिटेक्टर लावायचा आणि दोघांच्या समोर फूटभरावर काचेची एक पट्टी उभी करायची. दिव्याचा उजेड थेट दिला तर डिटेक्टर दिपून जाई, म्हणून पट्टीवरून परत येईल तेवढाच चोरटा उजेड त्याला दाखवायचा. मग स्कोपच्या, म्हणजे व्होल्टेजची रेघ काढून दाखवणाऱ्या यंत्राच्या, हिरव्या पडद्यावर बघायचं, आउटपुट किती उंच उठतं. दोन व्होल्टच्या वर उठलं की ठाक! शिक्का.

नव्या मॅडम क्वालिटीला येऊन दोनच महिने झाले होते. वयाने शिक्केवाल्यांच्या अर्ध्या, पण बोलणं मऊ. शिक्केवाल्यांना तेच खटकायचं. खेकसणाऱ्या साहेबाशी भांडता येतं, "जरा बघता का, काका?" म्हणणाऱ्या मॅडमशी कसं भांडणार?

"जरा बघता का, काका?" मॅडम त्या दिवशी म्हणाल्या. "नव्या लॉटचे दोनशे डिटेक्टर तुम्ही पास केलेत. मी चित्र थोडं ताणून बघितलं."

इथेच सगळं आलं. शिक्केवाले चित्र आवळून बघत. आवळलेल्या चित्रात दिव्याची एकेक लुकलुक, म्हणजे पल्स, सरळ उभी काठी दिसे. तिची उंची मोजली की काम झालं. मॅडमनी बटण फिरवून काठी आडवी ताणली होती. पडद्यावर एक देखणा उंचवटा दिसत होता, आणि त्याच्यापासून एकशे वीस नॅनोसेकंदांवर, काहीच संबंध नसताना, एक छोटं टेंगूळ.

"नियम काय आहे, काका? पल्स एक, आउटपुट एक. इथे आउटपुट दीड आहे. एक पेशी यंत्राने दोनदा मोजली तर त्या पेशंटचं काय होईल?"

"पहिल्याच डिटेक्टरला असेल," शिक्केवाले म्हणाले.

"दोनशेही बघितले."

सोमवारी सकाळी दहा वाजता लॉट परत जाणार होता. आणि त्याच्याबरोबर, मॅडम अगदी खाली बघत म्हणाल्या, तपासणीची पद्धतही बदलायचं ठरलंय, तेव्हा शिक्का तूर्त माझ्याकडे राहू दे.

तूर्त! कारखान्यात तूर्त बंद झालेला पंखा अकरा वर्षं बंद होता.

शनिवारी अर्धा दिवस. शिक्केवाल्यांनी ठरवलं की सहा डिटेक्टर, दिवा, पट्टी आणि जुना स्कोप घरी न्यायचा आणि सोमवारच्या आत छडा लावायचा. मॅडम चटकन हो म्हणाल्या, त्यामुळे उगाचच अपमान झाल्यासारखं वाटलं. पण मॅडमचं हो म्हणजे गेटचं हो नव्हे. गेटपासच्या फॉर्मवर माल बाहेर नेण्याची तीनच कारणं छापलेली होती: दुरुस्ती, प्रदर्शन, भंगार. शिक्केवाल्यांनी 'दुरुस्ती'वर खूण केली.

"दुरुस्ती म्हणजे बिघडलंय," गेटवरचा सुरक्षारक्षक म्हणाला. "चालू करून दाखवा."

स्कोप लावला. हिरवी रेघ उमटली.

"हे तर चालतंय."

"मग चांगलंच आहे ना!"

"चालणारी वस्तू दुरुस्तीला कशी सोडू? उद्या मला विचारतील."

शिक्केवाल्यांनी दुसरा फॉर्म आणला. भंगार लिहायला हात धजेना. शेवटी 'प्रदर्शन' लिहिलं, त्याबरोबर रक्षकाने विचारलं की कुठे भरलंय. "घरी," शिक्केवाले दातओठ खात म्हणाले. रक्षकाने तेच लिहिलं, सही घेतली आणि सोळा किलोचा स्कोप उचलायला मनापासून मदत केली. माणूस वाईट नव्हता, फॉर्म वाईट होता.

शिक्केवाल्यांची बायको घरी शिवणकाम करी. आतली खोली तिच्या मशीनची. मापं द्यायला येणाऱ्या बायकांसाठी तिथे माणसाच्या उंचीचा आरसा होता, चाकांच्या स्टँडवरचा. बाहेरच्या खोलीतलं जेवणाचं टेबल एवढी एकच जागा शिक्केवाल्यांच्या वाट्याला आली. प्लग होता आतल्या खोलीकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी, म्हणून टेबलही तिथेच ओढलं.

"हे किती दिवस?" बायकोने विचारलं.

"सोमवारपर्यंत."

"आणि जेवायचं कुठे?"

"माझ्या सव्वीस वर्षांचा प्रश्न आहे, आणि तुला जेवायचं पडलंय!"

"सव्वीस वर्षं तुम्ही वेळेवर जेवलात म्हणून तर निभावलं," असं म्हणून बायको आत गेली. पण जाताना टेबलाच्या कडेला ताट मावेल एवढी जागा करून गेली.

सासूबाई महिनाभर लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी हिरवी रेघ बघितली आणि पदर सावरून विचारलं, "कुणाचं हृदय आहे हो हे?"

"हृदय नाही आई, डिटेक्टर तपासतोय. पल्स देऊन बघतोय."

सासूबाईंनी तत्काळ खुर्ची ओढली आणि मनगट पुढे केलं. "बघा बरं. डॉक्टर म्हणतात जलद चालते." ही ती पल्स नव्हे हे समजावण्यात पंधरा मिनिटं गेली, आणि शेवटी जावई आपली नाडी बघायला टाळतोय, म्हणजे काहीतरी गंभीर असणार, अशी त्यांची खात्री पटली.

शिक्केवाल्यांनी दिवा लावला, पट्टी उभी केली, चित्र ताणलं. मनात धावा चालू होता की इथे टेंगूळ दिसू नये. कारखान्यातल्या टेबलाचा दोष असू दे, वायरचा असू दे, मॅडमचा असला तर फारच उत्तम.

टेंगूळ होतं. आणि नुसतं नव्हतं, तर जवळ सरकलं होतं. कारखान्यात एकशे वीसवर होतं, इथे चाळीसवर. म्हणजे रोग एका दिवसात बळावला होता! सहाही डिटेक्टर लावून झाले. सहाही जणांना चाळीस नॅनोसेकंदांवर टेंगूळ. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करून त्यातला एक. एवढ्याशा वेळात माणसाची अब्रू जाऊ शकते हे शिक्केवाल्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी समोरचे निवृत्त हेडमास्तर पेपर मागायला आले आणि पेपर विसरून तिथेच बसले. "अर्थिंग तपासा," ते म्हणाले. हेडमास्तरांचा अर्थिंगवर फार विश्वास. शेजारच्यांचा फ्रिज, इमारतीची लिफ्ट आणि एकदा एका मोडलेल्या लग्नाबद्दलही त्यांनी हाच सल्ला दिला होता. त्यांच्या समाधानासाठी शिक्केवाल्यांनी नळाला वायर बांधली. टेंगूळ तसंच, फक्त बायकोला भांडी घासता येईनात.

मग इमारतीचे सेक्रेटरी आले. "तुमच्याकडे किरण सोडताहेत असं ऐकलं."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या सासूबाईंनी. खाली बाकावर. डॉक्टरांनाही सापडलं नाही ते जावई किरणांनी शोधताहेत म्हणाल्या."

सेक्रेटरींनी खिशातून छापील अर्ज काढला. किरणांसाठी अर्ज नव्हता. रंगकाम, सामान हलवणे, मोठ्या आवाजाचा कार्यक्रम आणि तात्पुरती रोषणाई, एवढंच होतं. बराच खल होऊन 'तात्पुरती रोषणाई, दिवे एक' असं लिहिलं गेलं. अर्जाच्या पाठीमागे दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागत; हेडमास्तरांनी शेरा मारून सही केली: 'अर्थिंग पाहावे'.

या गदारोळात एक गोष्ट झाली. शिक्केवाल्यांनी पडद्याकडे बघितलं तर टेंगूळ नाही! चक्क गुळगुळीत रेघ. त्यांनी श्वास रोखला. कुणाला बोलू दिलं नाही. वीस मिनिटांनी टेंगूळ परत हजर. शिक्केवाले शिस्तीचे, त्यांनी वही काढली. नऊ वीस, गायब. नऊ चाळीस, हजर. दहा पाच, गायब. दहा पंधरा, हजर. पान भरत आलं तेव्हा बायको चहा घेऊन आली आणि खांद्यावरून वाचू लागली.

"आईचं वेळापत्रक कशाला लिहिताय?"

"कुणाचं?"

"आईचं. नऊ वीसला पेपर घेऊन बोळात बसली वाऱ्याला. नऊ चाळीसला उठून फोनवर बोलायला गेली. दहा पाचला परत बोळात."

शिक्केवाल्यांनी बोळाकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती. पडद्यावर टेंगूळ होतं. "आई," ते शक्य तितक्या आदराने म्हणाले, "जरा खुर्चीत बसता का?"

सासूबाई बसल्या. टेंगूळ गेलं.

"उठता का?"

टेंगूळ आलं.

"बसा. उठा. बसा."

"माझ्या आईला उठाबशा काढायला लावताय!" बायकोचा आवाज चढला. "आणि म्हणायचंय काय तुम्हाला? तिच्यामुळे तुमचं मशीन बिघडतं?"

"उलट! त्या बसल्या की सुधारतं!"

हे ऐकून सासूबाईंचा चेहरा जो खुलला, तो पुढे महिनाभर तसाच राहिला. "मी सोमवारी कारखान्यात येऊन बसते," त्या म्हणाल्या. शिक्केवाल्यांनी, सांगायलाही लाज वाटते, यावर क्षणभर गांभीर्याने विचार केला. सासूबाईंच्या अंगात काही आहे का? त्यांच्या बांगड्यांमुळे का? बांगड्या काढून झाल्या, चष्मा काढून झाला. हेडमास्तरांनी हळूच अर्थिंगचा विषय काढला, आणि सासूबाईंच्या पायाला वायर बांधण्याआधी बायको मध्ये पडली.

"तुम्ही दोघं शिकलेली माणसं ना? ती काही करत नाही, ती फक्त मध्ये बसते. मध्ये बसली की कशाच्या मध्ये बसते, ते बघा की!"

शिक्केवाले गुडघ्यांवर बसले, डोळा दिव्याच्या पातळीला आणला आणि काचेच्या पट्टीतून पलीकडे बघितलं. बोळ सरळ आत गेला होता. बोळाच्या टोकाला आतल्या खोलीचं दार उघडं होतं, आणि दाराच्या पलीकडे मापाचा आरसा उभा होता. त्या आरशात, अगदी मधोमध, मोहरीएवढा लाल ठिपका तेवत होता. त्यांचाच दिवा.

"आरसा हलव," ते म्हणाले.

बायकोने आरसा वळवला. टेंगूळ गेलं. सरळ केला. आलं. आता बायकोलाही चेव चढला. तिने आरसा चाकांवरून ढकलत बोळात आणला आणि दोन पावलांवर थांबवून, जरा इकडे जरा तिकडे करत, लाल ठिपका परत दिव्यावर पाडला.

टेंगूळ सरकलं होतं. पहिल्या उंचवट्याच्या जवळ आलं होतं.

"पुढे आण." ते आणखी जवळ आलं. "मागे ने." लांब गेलं. आरसा बोळातून चालत होता आणि टेंगूळ पडद्यावरून चालत होतं.

"अंतर!" शिक्केवाले ओरडले. "पहिल्या जागेपासूनचं अंतर मोज!"

बायकोने गळ्यातली टेप काढली. आरसा मूळ जागी नेऊन तिने पट्टीपासून आरशापर्यंत जमिनीवर टेप टाकत टाकत मोजलं, आणि ब्लाउजची बाही सांगावी तशा सुरात सांगितलं, "दोनशे चाळीस इंच."

म्हणजे वीस फूट. जायचे वीस, यायचे वीस. चाळीस फूट, चाळीस नॅनोसेकंद.

शिक्केवाले खाली फरशीवर बसले. फार वर्षांपूर्वी एका ट्रेनिंगमध्ये कुणी तरी सांगितलं होतं की उजेड एका नॅनोसेकंदात साधारण फूटभर जातो. ते त्यांनी लिहून घेतलं होतं, आणि लिहून घेतलेल्या बाकीच्या गोष्टींसारखं विसरले होते. आता तो उजेड त्यांच्या जेवणाच्या टेबलावरून निघत होता, सासूबाईंच्या रिकाम्या खुर्चीवरून आतल्या खोलीत जात होता, आरशाला शिवून परत येत होता, आणि यायला त्याला वेळ लागत होता. खरोखरचा वेळ. बटण दाबलं की खोली उजळते, यात मध्ये काही घडतं असं शिक्केवाल्यांना जन्मात वाटलं नव्हतं. अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणीही आलं, पण ते फरशीवर बसताना गुडघा दुखला म्हणून, असं ते पुढे सांगत.

"काय झालं हो?" बायको घाबरून जवळ आली.

"उजेड तुझ्या खोलीत जाऊन परत येतोय. आणि त्याला उशीर होतोय. तो उशीर दिसतोय मला."

बायकोने पडद्याकडे बघितलं, बोळाकडे बघितलं. "जाऊन यायचं म्हणजे वेळ लागणारच," ती म्हणाली. पण म्हणता म्हणता थांबली, आणि नवऱ्याच्या शेजारी फरशीवर टेकली. पोळी करपल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.

मग हेडमास्तर खाकरून म्हणाले, "घरातलं अंतर फार थोडं आहे. बाहेर लांब घेऊन बघायला हवं."

इमारतीचा जिन्यासमोरचा व्हरांडा ऐंशी फूट लांब. टेबल दारात ओढलं. सेक्रेटरींनी आधी 'रोषणाई घरातल्या घरात' असा मुद्दा काढला, पण आरसा ढकलायला माणूस कमी पडतोय हे बघून स्वतःच पुढे झाले. दहा फूट, वीस फूट, तीस. प्रत्येक थांब्यावर आरसा नेमका वळवायचा म्हणजे दिव्य होतं. "डावीकडे! तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे!" "खाली झुकवा. फार झुकवलं, आता माझे पाय दिसताहेत!" व्हरांड्यातली दारं उघडली. कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळलेलं, कुणी तोंडात ब्रश घेतलेलं, सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिले, कारण मध्ये पाय टाकला की टेंगूळ जातं हे सासूबाई खुर्चीवरून सर्वांना बजावत होत्या.

व्हरांड्याच्या टोकाला आरसा लागला. सेक्रेटरींनी एकेक केसभर तो फिरवला. पडद्यावर बराच वेळ काही नव्हतं, आणि मग पार उजवीकडे, एकशे साठवर, दुधावरच्या बुडबुड्याएवढं टेंगूळ उगवलं.

ब्रशवाला ब्रश विसरला.

"तीन लाख किलोमीटर," हेडमास्तर म्हणाले. "सेकंदाला तीन लाख. बत्तीस वर्षं हा आकडा मी पोरांकडून पाठ करून घेतला. ज्यांना आला नाही त्यांचे मार्क कापले." ते पडद्याजवळ वाकले, चष्मा काढला, परत घातला. "खरं सांगू? मला स्वतःला तो कधी खरा वाटला नव्हता. छापलाय म्हणून म्हणायचा. आणि हा इथे, आपल्या व्हरांड्यात..." त्यांनी शिक्केवाल्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडायचंच विसरले.

गेटपासवर लिहिलेलं कारण अशा रीतीने खरं झालं. संध्याकाळपर्यंत तीन मजले येऊन बघून गेले.

सोमवारी साडेनऊलाच शिक्केवाले कारखान्यात होते. एकशे वीसचे निम्मे साठ, आणि साठ फुटांवरचा आरसा कुठला, हे त्यांनी रात्रीच ताडलं होतं. स्वतःच्या टेबलासमोर गुडघ्यांवर बसून त्यांनी काचेच्या पट्टीतून पलीकडे बघितलं. पट्टीमागे सव्वीस वर्षं एक काळा फळा उभा असायचा, उरलेला उजेड गिळायला. तो नव्हता. दोन महिन्यांपूर्वी गुणवत्ता सप्ताहात पर्सोनेलवाल्यांनी तो कॅन्टीनच्या दाराशी नेला होता, रोज एक चांगला विचार लिहायला. फळा गेला तशी समोरची वाट मोकळी झाली होती. साठ फुटांवर वाट संपत होती, आणि तिथे त्याच सप्ताहात लावलेला मोठा आरसा होता.

मॅडम आल्या. लॉट बांधून दाराशी ठेवलेला होता.

"मॅडम, त्या आरशावर काय लिहिलंय तेवढं वाचता?"

मॅडमना वाटलं काकांचं बिनसलं. पण गेल्या. आरशासमोर उभ्या राहून त्यांनी मोठ्याने वाचलं, "गुणवत्तेला जबाबदार कोण? पाहा!" आणि वळून म्हणाल्या, "का?"

"तिथेच थांबा. टेंगूळ गेलं."

मग अदलाबदल झाली. मॅडम पडद्यासमोर बसल्या आणि शिक्केवाले साठ फूट चालत गेले. ते आरशासमोर उभे राहत, बाजूला होत, उभे राहत. लांबून मॅडमचा आवाज येईना. परत येऊन बघतात तर मॅडम हनुवटी हातावर टेकून बसलेल्या. साठ जायचे, साठ यायचे, एकशे वीस, असं त्या स्वतःशीच म्हणत होत्या.

"जुने डिटेक्टर इतके मंद होते की त्यांना हे दिसलंच नसतं," शेवटी त्या म्हणाल्या. "हे नवे चांगले आहेत, म्हणून दिसलं. काका, चांगले होते म्हणून मी ते परत पाठवत होते." त्यांनी पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं. "मी हे कॉलेजात गणितात केलंय. असं समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं."

लॉट सोडवला गेला. मॅडमनी ड्रॉवरची किल्ली फिरवली, शिक्का काढला आणि पुढे केला. शिक्केवाल्यांनी हात पुढे नेला. शुक्रवारपासून याच क्षणासाठी त्यांनी सोळा किलो वाहिले होते, सासूबाईंना उठाबशा काढायला लावल्या होत्या.

"एकच विचारू, काका?" मॅडम तशाच मऊ आवाजात म्हणाल्या. "टेंगूळ उजेडाचं होतं, ते ठीक. पण तुम्हाला ते दिसलंच नव्हतं. मग तुम्ही पास कशावर केलंत?"

शिक्केवाल्यांचा हात मध्येच थांबला. उत्तर सोपं होतं: उंचीवर. सव्वीस वर्षं उंचीवर. चित्र ताणून त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं, कारण काठी उभी होती आणि काठी पुरेशी होती. त्या काठीत एवढं सगळं दुमडून ठेवलेलं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"राहू दे तिकडेच," ते म्हणाले. "आधी दोनशे बघतो."

आरशावर त्यांनी स्वतःच्या हाताने काळं अस्तर टाकलं. बायकोने रात्री शिवून दिलेलं, चारी कोपऱ्यांना नाडी लावून. मग एकेक डिटेक्टर, चित्र ताणून. चहाची घंटा झाली, जेवणाची झाली, परत चहाची झाली. एकशे नव्याण्णव निर्मळ निघाले. एकाचं, एकशे त्रेचाळीस नंबरचं, आउटपुट चांगलं सव्वादोन व्होल्ट उठत होतं, पण खाली उतरताना एक छोटी उडी मारत होतं. आरसा झाकलेला होता. पट्टी बदलली, वायर बदलली, उडी तिथेच. हा खरोखरच खोटा होता. आणि शुक्रवारी याच्यावरही त्यांचा शिक्का बसला होता.

त्यांनी तो मॅडमसमोर ठेवला. मॅडमनी तो स्वतः लावून बघितला आणि बाजूला ठेवला.

"स्टोअरमध्ये जुन्या लॉटचे नमुने राखलेले असतात ना?" शिक्केवाल्यांनी विचारलं.

"असतात. प्रत्येक लॉटचे पाच."

"काढायला सांगा."

"कुठल्या सालापासून?"

"मी लागलो तेव्हापासून."

"काका, त्यात खराब निघाले तर?"

"तर ती यंत्रं जिथे जिथे गेली तिथे पत्रं पाठवावी लागतील. खाली सही माझी घ्या," शिक्केवाले म्हणाले, आणि स्टोअरची मागणीचिठ्ठी तीन प्रतींत भरायला बसले.